छोट्या सिंघमची बदली होत नाही

(पोस्ट लांब आहे. वेळ असेल तेव्हा निवांत वाचा, पण वाचा.)

नंदुरबारात माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. टेम्पर्ड ग्लास लावणं, चार्जिंग पिन बदलणं, फोल्डर टाकणं, हीच कामं. आधी मेमरी कार्ड भरून द्यायचो. चाळीस रुपयांत गाणी, दोन पिक्चर आणि पोरांसाठी चार गेम. त्यामुळे आपल्या भागातल्या पोरांच्या हातात कुठल्या वर्षी कुठला गेम होता, हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा आला होता. वय नऊ. दिवसभर काउंटरमागच्या स्टुलावर बसून माझ्या जुन्या फोनवर ‘लिटल सिंघम’ खेळायचा. मी म्हटलं, ‘काय करी ऱ्हायना रे?’ तर मान वर न करता म्हणे, ‘मामा, थांब ना, लेव्हल चालू शे.’

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाकी वर्दीतलं एक पोरगं रस्त्यावरून सुसाट पळत असतं. आपण अंगठ्यानं डावीकडे-उजवीकडे सरकवायचं, वर ढकललं की उडी, खाली ओढलं की घसरगुंडी. वाटेत अडथळे चुकवायचे, नाणी गोळा करायची आणि शंबाला नावाच्या दुष्टाच्या मागं लागायचं. संपलं. ब्रेक नाही, थांबा नाही.

मी सहज विचारलं, ‘काय रे, तुझ्या सिंघमनं चुकीचा माणूस धरला तर?’

तो म्हणाला, ‘गेममा चुकीना मानूस नहीच ऱ्हात.’

बोलून तो परत पळायला लागला. मी मात्र तिथंच अडकलो. पोरगं बरोबरच बोललं होतं, आणि म्हणूनच हे वाक्य बरेच दिवस डोक्यातून जाईना.

आता हा गेम आला कुठून ते बघू. कारण हा गेम कुणी कोऱ्या कागदावर बसून काढलेला नाही. तो चार हातांतून फिरत आलाय.

पहिला हात तमिळ. २०१० साली हरी या दिग्दर्शकाचा सूर्याला घेऊन केलेला ‘सिंगम’ आला. दुसरा हात हिंदी. २०११ च्या जुलैत रोहित शेट्टीनं त्याचा ‘सिंघम’ केला आणि तमिळ फौजदाराचा मराठी बाजीराव सिंघम झाला. गाव शिवगड, गोवा-महाराष्ट्राच्या सीमेवरचं. अजय देवगण नायक, प्रकाश राज दोन्ही भाषांत खलनायक. सोबत आपले अशोक सराफ आणि सचिन खेडेकर. राग आल्यावरचा त्यातला मराठी संवाद पुढं देशभर गाजला. मी तो पिक्चर थिएटरात बघितला आणि शिट्ट्याही मारल्या. खोटं कशाला बोलू?

तिसरा हात कार्टून. २०१८ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी किड्सवर ‘लिटल सिंघम’ सुरू झालं. रिलायन्स ॲनिमेशन आणि रोहित शेट्टीची कंपनी त्यात एकत्र होती. शिवगडचं मिरची नगर झालं, फौजदाराचं पोरगं झालं आणि जयकांत शिक्रेच्या जागी शंबाला आला. चौथा हात गेम. तो मुंबईच्या झपॅक या गेम कंपनीनं परवाना घेऊन काढला.

परवाना घ्यायचा का, तर पोराला काही शिकवावं लागत नाही. नायक कोण, दुष्ट कोण, गाव कुठलं, हे टीव्हीनं आधीच पाठ करून घेतलेलं असतं. गेम उघडल्यावर पहिल्या दहा सेकंदांत पोरगं पळायला लागलं पाहिजे. ‘हा कोण?’ असं त्याच्या मनात आलं, तर ते गेम बंद करून दुसरा उघडतं. माझ्या दुकानात मी हे शेकडो वेळा पाहिलंय.

आणि पळायचाच गेम का? कारण त्याचा सांगाडा तयार आहे. २०११ ला ‘टेम्पल रन’ आला, २०१२ ला डेन्मार्कच्या लोकांचा ‘सबवे सर्फर्स’. हलक्या फोनवर चालतो, एका अंगठ्यानं खेळता येतो, वाचता येत नसलं तरी अडत नाही. त्या सांगाड्यावर कुठलंही कातडं चढवता येतं. कार्टूनमधल्या गोष्टीही आयत्या मिळतात. छोटा भीम लाडू खाऊन ताकद मिळवतो, मोटू समोसा खाऊन. गेमवाल्याला आणखी काय पाहिजे? लाडू आणि समोसा म्हणजे आयते पॉवर-अपच. मोटू-पतलू तर मुळात ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातले. टीव्हीवर ते २०१२ ला आले. मासिकातला खादाड माणूस टीव्हीवर समोसा खाऊन बलवान झाला, आणि तिथून गेमचा रस्ता सोपा झाला.

मग सिंघमच्या बाबतीत लाडवाच्या जागी काय आहे? वर्दी. वर्दी आणि वाघ-सिंहाचा पंजा. इथं मात्र मला थांबावंसं वाटतं.

‘सबवे सर्फर्स’ आठवा. त्यात रेल्वे यार्डात भिंती रंगवणारं पोरगं पळत असतं आणि मागं इन्स्पेक्टर आणि त्याचा कुत्रा लागलेला असतो. म्हणजे पोलीस मागं, पोरगं पुढं. आपल्या गेममध्ये तोच सांगाडा, तेच सरकणं, तीच नाणी, पण पोरगंच पोलीस झालं. पोलिसाच्या मागं आता कुणीच नाही. नीट बघा, त्याला अडवणारे फक्त अडथळे आहेत. विचारणारा कुणी नाही.

मूळ पिक्चरमध्ये तसं नव्हतं. ज्यांनी २०११ चा ‘सिंघम’ फक्त मारामारीसाठी लक्षात ठेवलाय, त्यांनी एकदा परत बघावा. पिक्चर सुरू होतो तो एका प्रामाणिक इन्स्पेक्टरच्या आत्महत्येनं. खोट्या आरोपात अडकवलेला असतो तो. आणि सिंघम-शिक्रे भांडण सुरू कशावरून होतं? एका सहीवरून! जामिनाच्या अटीप्रमाणे शिक्रेला शिवगडच्या ठाण्यात येऊन सही करायची असते. तो आपली माणसं पाठवतो. सिंघम म्हणतो, ज्याचा जामीन त्यानंच यायचं. बस, एवढंच. रजिस्टर, नियम, सही. त्याचा सूड म्हणून शिक्रे काय करतो? त्याची बदली करून घेतो, गोव्यात कोळव्याला, आपल्या हद्दीत.

बदली! हा शब्द आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून नंदुरबारचं नाव अधिकारी लोकांत कसं घेतलं जातं, ते आपल्याला माहीत आहे. कुणाला धडा शिकवायचा असला की म्हणतात, पाठवा त्याला धडगाव-अक्कलकुव्याला. आपण इथं जन्म काढतो, आणि तेच गाव दुसऱ्याला शिक्षा म्हणून मिळतं. असो.

सांगायचं हे की पिक्चरच्या पहिल्या अर्ध्यात खरा प्रश्न होता. पोलिसाला कोण हलवतं? तो कुणाचं ऐकतो? दुसऱ्या अर्ध्यात मात्र पिक्चरनंच तो प्रश्न सोडून दिला. शेवटी अख्खं पोलीस खातं शिक्रेच्या घरी जातं आणि कोर्टाबाहेरच त्याचा निकाल लावतं. आपण टाळ्या वाजवल्या.

आता कार्टूनवाल्यांनी यातलं काय उचललं? सही आणि बदली लहान पोरांना कळणार नाही. पुढारी खलनायक दाखवणं लहान मुलांच्या चॅनेलला परवडणार नाही. म्हणून शिक्रे गेला, राक्षसासारखा शंबाला आला. राक्षस जन्मापासूनच दुष्ट, त्याला पुरावा लागत नाही. ठाण्यातलं रजिस्टर गेलं, पंजा राहिला. गेमवाल्यांनी तर त्यातूनही जे पळवता येईल तेवढंच घेतलं. गेमला थांबून चालत नाही. पाचव्या लेव्हलला सिंघमची बदली झाली आणि सामान बांधून जावं लागलं, असा गेम कोण खेळणार? दहाव्या लेव्हलला साक्षीदार फितूर झाला, तारीख पडली, तर पोरगं फोनच फेकेल.

मी गेम बनवणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांचं कामच पळवायचं. पण चार हातांतून जाताना प्रत्येक हातात काहीतरी गळत गेलं, आणि जे गळलं ते नेमकं आपल्याला रोज लागतं.

आता दुकानातली गोष्ट सांगतो. ही सांगायची की नाही, यावर बरेच दिवस विचार केला.

त्याच सुट्टीत एक दिवस दुपारी चारच्या सुमारास एक पोरगा आला. सतरा-अठराचा असेल, धडगावकडचा. पावरी बोलणारा, मराठी तोडकं-मोडकं. हातात बऱ्यापैकी महागाचा फोन. म्हणाला, पॅटर्न विसरलो, लॉक काढून द्या.

आमच्या धंद्यात अशा वेळी बिल मागायचं असतं. मी मागितलं. तो म्हणाला, घरी आहे. तेवढ्यात शेजारच्या टपरीवर चहा पिणारे दोघं-तिघं आले. एक म्हणाला, ‘चोरीचा दिसतोय भाऊ.’ दुसऱ्यानं कॉलर धरली. कुठला तू, नाव काय, फोन कुठून आणला? पोरगा घाबरला, आणि घाबरल्यावर त्याचं होतं तेवढं मराठीही गेलं. गप्प बसला म्हणजे चोरच, असं ठरलं. एक थप्पड बसली. मग दुसरी. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली.

मी काय केलं? काही नाही. फोन हातात धरून उभा राहिलो. गिऱ्हाईक माझं होतं, दुकान माझं होतं. ‘थांबा’ एवढं म्हणायला काय लागत होतं? पण मलाही आतून वाटत होतं, असेल चोरीचा. आणि जमावाच्या विरोधात बोलायची हिंमतही नव्हती, हे खरं.

माझा भाचा स्टुलावर उभा राहून बघत होता. त्यानं हाताचा पंजा केला होता. तोच, कार्टूनमधला.

तेवढ्यात आमच्या बीटचा हवालदार गाडीवरून चालला होता. रिटायरमेंटला आलेला माणूस, पोट सुटलेलं, गुडघे दुखणारे. त्यानं गाडी लावली, लोकांना मागं सारलं आणि पोराला माझ्या दुकानात बसवलं. आधी पाणी दिलं. मग विचारलं, बिल कुणाकडं? भावाकडं. भावाचा नंबर? पाठ होता. हवालदारानं स्वतःच्या फोनवरून लावला. भाऊ म्हणाला, डबा घरातच आहे, शोधतो.

मग आम्ही थांबलो. वीस मिनिटं तरी थांबलो असू. भावानं डबा शोधला आणि त्यावरचा आयएमईआय नंबर वाचून दाखवला. मी इकडे इमर्जन्सी कॉलमधून तोच नंबर काढला. पंधरा आकडे. हवालदारानं खिशातल्या डायरीत लिहून घेतले आणि एकेक आकडा दोनदा ताडून बघितला. जुळले.

दोघा भावांनी बारडोलीकडं ऊसतोडीला जाऊन आलेल्या पैशांतून घेतलेला फोन होता तो.

तोवर बाहेरची गर्दी पांगलेली. थप्पड मारणारा तर कधीच निघून गेला होता. हवालदारानं पोराला विचारलं, तक्रार द्यायची का? पोरानं मान हलवली, नको. मी लॉक काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. तेवढ्यानं भरपाई झाली असं मी स्वतःला सांगून बघितलं. झाली नाही.

भाचा मात्र कंटाळून कधीच गेममध्ये परत गेला होता. रात्री जेवताना म्हणाला, ‘मामा, त्या पोलिसनी कोनलेच मारं नही?’ त्याच्या आवाजात थोडी निराशा होती.

त्या दिवशी दुकानात खरा सिंघम तोच हवालदार होता, असं लिहून टाळ्या घेता येतील. पण मला ते लिहायचं नाही. तो सिंघम नव्हता. त्यानं जे केलं ते पोलिसाचं साधं काम होतं: विचारणं, लिहून घेणं, ताडून बघणं, थांबणं. शिवगडच्या ठाण्यातल्या त्या सहीसारखं. पिक्चरच्या पहिल्या अर्ध्यात होतं आणि गेमपर्यंत पोचताना गळून गेलं, ते हेच.

आणि हे फक्त पोरांचं नाही. आपल्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला काय झालं, ते विसरलात का? पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरली, आणि भिक्षा मागायला आलेल्या मंगळवेढ्याकडच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्या जमावानं गेम खेळला होता असं मी म्हणत नाही. तो मूर्खपणा होईल. पण ‘चुकीचा माणूस नसतोच’ ही खात्री मात्र तीच होती.

शिकलेले लोकही यातून सुटलेले नाहीत. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादजवळ चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. माझ्याही स्टेटसला तो व्हिडिओ होता. पुढं सर्वोच्च न्यायालयानं निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपला मराठी माणूस. २०२२ मध्ये अहवाल आला, की गोळ्या मुद्दाम जीव घेण्यासाठी झाडल्या होत्या आणि संबंधित पोलिसांवर खटला चालवावा. त्या अहवालाचं स्टेटस मी ठेवलं नाही. तुमच्यापैकी कुणी ठेवलं असेल तर सांगा.

२०२३ च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका कार्यक्रमात ‘सिंघम’चं नाव घेऊनच सांगितलं होतं, की कायद्याची पर्वा न करता झटपट न्याय करणारा हीरो पोलीस, हा संदेश फार घातक आहे. तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, कोर्टात वीस-वीस वर्षं तारखा पडतात, मग लोक काय करणार? हा राग खोटा नाही. माझ्याही घरात जमिनीची केस आहे, वडिलांच्या पिढीपासूनची. तारखेला जाणं म्हणजे काय, ते मला सांगू नका.

पण मग त्या रागाचं काय करायचं? बदलीचा जो प्रश्न पिक्चरनं अर्ध्यात सोडला, त्यावरचा उपाय पिक्चरच्या पाच वर्षं आधीच लिहून ठेवला होता. प्रकाश सिंह नावाच्या निवृत्त पोलीस महासंचालकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला निकाल दिला. ठाणेदारापासून वरच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत द्या, बदल्यांसाठी खात्याचं मंडळ करा, तपास आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीपर्यंत प्राधिकरण करा. हा निकाल किती जणांनी ऐकलाय? जयकांत शिक्रेचं नाव मात्र माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सिंघम हवा म्हणून आपण ओरडतो. सिंघमची बदली होऊ नये म्हणून काय करायचं, हे कुठल्याही निवडणुकीत कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीसुद्धा विचारलेलं नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

सुट्टी संपायच्या आधी भाच्याला घेऊन बाजारात गेलो होतो. येताना हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. त्याला शिरीषकुमारचं नाव शाळेमुळे माहीत होतं. ९ सप्टेंबर १९४२, तिरंगा घेऊन निघालेली पोरं. शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा.

त्यानं विचारलं, ‘गोळी कोनी मारी?’

मी म्हटलं, ‘पोलिसनी.’

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पन पोलिस तं चांगला ऱ्हातस ना मामा?’

मी त्याला म्हटलं, काही चांगले असतात, काही नसतात. वरून हुकूम कुणाचा येतो, आणि नंतर त्यांना विचारणारा कुणी आहे का, त्यावर बरंच अवलंबून असतं. त्या दिवशीचा दुकानातला हवालदार आठवतो का? त्यानं आकडे कशाला मोजले असतील?

त्याला किती कळलं ठाऊक नाही. घरी आल्यावर फोन मागितला, मी दिला. गेम डिलीट केला नाही. डिलीट करून काय होणार, दुसरा येईल. पण आता तो खेळत असला की मी मधेच विचारतो, ‘काय सायेब, याच्याकडं बिल मागितलं का?’ तो चिडतो. मग हसतो. तेवढंच.

तुमच्या घरातली पोरं काय खेळतात? त्यांना कधी विचारलंय का, की चुकीचा माणूस धरला तर काय? विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते इथं लिहा. आणि त्या दिवशी दुकानाबाहेर जे उभे होते, त्यातले काही जण माझ्या यादीत आहेत. मी कुणाचं नाव घेतलेलं नाही. मीही तिथंच उभा होतो.